मदत हवी आहे: १६ सिग्नी या जोडताऱ्यातल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर ४५.६ आर्कसेकंद आणि कोन ४७ अंश येतोय. चूक कुठे?

चांदणचुरा

साधनं: १५० मिमी डॉब्सोनियन (हाताने आडवी-उभी फिरवायची न्यूटोनियन दुर्बीण, फोकल लेंग्थ १२०० मिमी), २ एक्स बार्लो (मोठेपणा वाढवणारं भिंग), २.९ मायक्रॉन पिक्सेलचा प्लॅनेटरी कॅमेरा, १९३६ × १०९६. मोटर नाही. वेळ नोव्हेंबरच्या मध्याची, संध्याकाळी साडेसात, पुण्याच्या दक्षिणेला. तारा वायव्येला ४५ अंशांच्या आसपास उंचीवर होता.

हंस तारकासमूहातल्या १६ सिग्नी ए आणि बी या जोडीचं अंतर आणि पोझिशन अँगल (ए पासून बी ची दिशा, उत्तरेकडून पूर्वेकडे मोजलेला कोन) मोजायचा प्रयत्न आहे. वॉशिंग्टन डबल स्टार कॅटलॉगमध्ये ही जोडी एसटीएफए ४६ या नावाने आहे. अपेक्षित आकडे साधारण ३९.७ आर्कसेकंद (विकला, अंशाचा ३६०० वा भाग) आणि १३३ अंश.

एका फ्रेमवरचे सेंट्रॉइड, म्हणजे ताऱ्यांच्या ठिपक्यांचे मध्यबिंदू, पिक्सेलमध्ये (आडवा, उभा):
ए: ८०२.६, ४७१.२
बी: ६७२.१, ५९९.५
म्हणजे अंतर १८३.० पिक्सेल.

स्केल काढलं ते असं: २०६.२६५ × २.९ ÷ २४०० = ०.२४९ आर्कसेकंद प्रति पिक्सेल. गुणाकार ४५.६.

पश्चिम दिशा मिळावी म्हणून दुर्बीण न हलवता ए तारा सरकू दिला. (१०२.३, ४०२.६) पासून (११८०.९, ३७४.३) पर्यंत गेला, २४.५ सेकंद लागले. त्यावरून कोन ४७ अंश येतो. तीनदा करून पाहिलं, आकडे हलत नाहीत. म्हणजे हात थरथरल्याची चूक नाही, पद्धतीतच काहीतरी आहे.

आणखी एक: ही खरी जोडी आहे की एका रेषेत दिसणारे दोन तारे? आणि दरवर्षी मोजत गेलो तर फिरताना दिसतील का?

काटकोन

आकडे पूर्ण दिलेत हे फार बरं केलंत. कोनाचं आधी सांगतो, कारण ते बघताक्षणी कळतंय: ४७ + १३३ = १८०.

जोडताऱ्यात कोन चुकला की पहिल्यांदा ही बेरीज-वजाबाकी करून बघायची. दोन्ही कोनांची बेरीज १८० आली तर उत्तर-दक्षिण उलटी झाली आहे. ३६० आली तर पूर्व-पश्चिम उलटी. रिफ्रॅक्टरला (भिंगाच्या दुर्बिणीला) स्टार डायगोनल, म्हणजे काटकोनात वळवणारा आरसा, लावला की हे हमखास होतं. आणि दोन कोनांत बरोबर १८० चा फरक असेल तर ए आणि बी ची अदलाबदल झाली आहे. इथे तीही सहज होऊ शकते, कारण एकाची प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) ५.९६ आणि दुसऱ्याची ६.२०, म्हणजे ए फक्त सव्वापट तेजस्वी. डोळ्याला दोघे सारखेच वाटतात.

न्यूटोनियनमध्ये दोन आरसे असल्यामुळे प्रतिमा फिरते, पण आरशातल्यासारखी उलटत नाही. त्यामुळे दोष दुर्बिणीचा नाही. इमेज फाइलमध्ये उभा आकडा वरून खाली वाढतो आणि शाळेतल्या आलेखात खालून वर. तुम्ही आकडे तसेच आर्कटॅनमध्ये टाकलेत. उभ्या फरकाचं चिन्ह बदलून पुन्हा करा:

तारा सरकतो: आडवं +१०७८.६, उभं +२८.३. कोन १.५ अंश. ही पश्चिम.
उत्तर = पश्चिम + ९० = ९१.५ अंश, घड्याळाच्या उलट दिशेने.
ए पासून बी: आडवं −१३०.५, उभं −१२८.३. कोन २२४.५ अंश.
२२४.५ − ९१.५ = १३३.०.

झालं.

एक खबरदारी मात्र घ्या. कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये फ्लिपचं बटण दाबलेलं असेल किंवा फिट्स (खगोल छायाचित्रांची) फाइल खालून वर वाचली जात असेल तर चिन्ह बदलूनही आकडा चुकेल. पडताळा सोपा आहे: नळी ध्रुवताऱ्याच्या दिशेने जराशी ढकला. तारा पडद्यावर ज्या कडेकडे सरकेल ती दक्षिण. दर वेळी सुरुवातीला हे करून वहीत बाण काढून ठेवावा.

रात्रपाळी

कोनाचं काटकोन यांनी निकालात काढलंच आहे, मी स्केलचं बघतो.

बार्लोवर २ एक्स लिहिलेलं असतं ते आयपीससाठी. मोठेपणा = १ + (बार्लोच्या भिंगापासून सेन्सरचं अंतर ÷ बार्लोची फोकल लेंग्थ). कॅमेऱ्याचा सेन्सर आयपीसच्या फील्ड स्टॉपपेक्षा (आतल्या कड्यापेक्षा, जिथे प्रतिमा पडते) वर बसतो. बार्लोची फोकल लेंग्थ ६५ मिमी धरली तर २० मिमी जास्त अंतर म्हणजे सरळ ०.३ ची वाढ. त्यामुळे २४०० हा आकडा सूत्रात घालायचाच नाही. आरशाची १२०० सुद्धा छापील आहे, एखादा टक्का इकडेतिकडे असते.

तुमच्याकडे मोजपट्टी आधीच आहे, तीच सरकण्याची नोंद. तारा सेकंदाला १५.०४१ × कोसाइन (क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचा कोन) इतके आर्कसेकंद सरकतो. १६ सिग्नीची क्रांती कॅटलॉगात, म्हणजे इ. स. २००० साठी, ५०° ३१′ आहे; आज ती ५०° ३५′ च्या जवळ आहे. कोसाइन ०.६३५, वेग ९.५५ आर्कसेकंद प्रति सेकंद.

९.५५ × २४.५ ÷ १०७९ = ०.२१६८
१८३.० × ०.२१६८ = ३९.७

उलट हिशेब केला तर तुमची खरी फोकल लेंग्थ २७६० मिमी, म्हणजे बार्लो २.३ एक्स. कोसाइन विसरून नुसते १५ घेतले असते तर अंतर ६२ च्या वर गेलं असतं. तीही नेहमीचीच चूक.

हे ०.२१६८ कायमचं लिहून ठेवू नका. बार्लोत कॅमेरा दोन मिलिमीटर वरखाली बसला तरी बदलतं. कॅमेरा काढून पुन्हा लावला की पुन्हा मोजायचं.

हंसमुख

मुळात या जोडीला बार्लो कशाला? ४० विकलांचं अंतर म्हणजे भरपूर झालं. बार्लो काढला की स्केल ०.५ च्या आसपास, दोन ताऱ्यांमध्ये ८० पिक्सेल. सेंट्रॉइड ०.१ पिक्सेलपर्यंत चांगला येतो, म्हणजे ०.०५ विकला. आणि तारा सेन्सरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला १०० सेकंद घेईल. वेळ मोजताना ०.१ सेकंद चुकलं तर २४.५ सेकंदांत ती ०.४ टक्के चूक आहे, १०० सेकंदांत ०.१ टक्के. मोजपट्टी जितकी लांब तितकी बरी.

रात्रपाळी

हंसमुख, मान्य. बार्लोची गरज पाच-सहा आर्कसेकंदांच्या आतल्या जोड्यांना. तिथेही आधी बार्लोशिवाय एखादी रुंद जोडी मोजून हात बसवावा.

चांदणचुरा

दोघांचेही आभार. चिन्ह आणि स्केल दोन्ही सुधारलं. मग त्याच रात्रीच्या आणखी दहा फाइल मोजल्या. नऊ फाइलींत ३९.५ ते ३९.९ आलं, कोन १३२.८ ते १३३.३. एका फाइलमध्ये मात्र ३७.९ येतंय. कोन तिथेही बरोबर आहे. वेळ काढला तो फ्रेमच्या संख्येवरून: १,१७० फ्रेम ÷ ५० = २३.४ सेकंद.

रात्रपाळी

कोन बरोबर आणि अंतर कमी, म्हणजे वेळेची चूक. फ्रेम गळल्या आहेत. २४.५ सेकंदांना १,२२५ फ्रेम हव्यात, तुमच्याकडे ५५ कमी. यूएसबी किंवा डिस्कचा वेग कमी पडला की कॅमेरा फ्रेम सोडून देतो, आणि फाइलला ते कळत नाही. वेळ कमी धरला गेला, स्केल लहान झालं, अंतर घटलं.

एव्हीआय सोडा, एसईआर फॉरमॅट घ्या आणि प्रत्येक फ्रेमवरचा टाइमस्टँप वापरा. फ्रेम मोजून भागाकार करू नका. सेन्सरचा पूर्ण भाग नको असेल तर उभी उंची ४०० पिक्सेलवर आणा, डेटा निम्म्याहून कमी होतो. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. तुमच्या स्केलला तारा सेकंदाला ४४ पिक्सेल पळतो, त्यामुळे २० मिलिसेकंदांत जवळजवळ एक पिक्सेल लांबट होतो. दोघेही सारखेच लांबट होतात म्हणून अंतराला धक्का लागत नाही, पण सेंट्रॉइड गोंगाटात जातो. हिस्टोग्राम ७० टक्क्यांच्या वर नको. ए जळाला (पिक्सेल भरून पांढरा झाला) की त्याचं केंद्र हलतं.

डॉब्सोनियनवर दिसणारं क्षेत्र कॅमेऱ्याच्या सापेक्ष फिरत राहतं हेही लक्षात असू द्या. वायव्येला त्या उंचीवर मिनिटाला पाव अंशापेक्षा जास्त. त्यामुळे पश्चिम दिशा एका फाइलवरून आणि जोडी दुसऱ्या फाइलवरून, असं करायचं नाही. सरकण्याच्या फाइलमध्येच जोडीही मोजायची.

काटकोन

आता राहिलेला प्रश्न. जोडी खरी आहे. गाइया या अवकाश दुर्बिणीने दोघांचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं सरकणं, ज्यावरून अंतर कळतं) वेगवेगळा मोजला आहे आणि दोन्हीकडे ४७.३ मिलिआर्कसेकंद येतात, म्हणजे अंतर ६९ प्रकाशवर्षं. दोघेही सेकंदाला २७-२८ किमी वेगाने आपल्याकडे येताहेत. आकाशात दोघे वर्षाला साधारण ०.२२ आर्कसेकंद नैऋत्येकडे सरकतात. दोनशे वर्षांत हे ४३ आर्कसेकंद होतात, म्हणजे दोघांमधल्या अंतराहूनही जास्त. एकजण वाटेवरचा परका असता तर जोडतारे मोजणाऱ्या स्ट्रूव्हच्या काळातली, दोनशे वर्षांपूर्वीची जोडी आज ओळखूही आली नसती.

फिरताना दिसणार का? तुमच्या साधनाने नाही. एकमेकांच्या सापेक्ष ते वर्षाला ०.०१४ आर्कसेकंद हलतात, शतकात दीडच्या आत. तुमची एका मोजणीची चूक ०.२ आहे, म्हणजे तेवढा फरक साठायलाच चौदा वर्षं. आकाशाच्या प्रतलात दोघांत किमान ८४० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आहेत, सूर्य-नेपच्यून अंतराच्या २८ पट. खोलीतलं अंतर धरलेलंच नाही. म्हणूनच कक्षेचा काळ १८,००० वर्षांपासून १३ लाख वर्षांपर्यंत काहीही बसतो. एवढ्या लहानशा कमानीवरून पूर्ण लंबवर्तुळ काढणं अवघडच.

पण जोडी निवडलीत ती नामी. दोघेही सूर्याचे भाऊबंद: वर्णपटाच्या प्रकारात ए जी१.५, बी जी२.५ च्या आसपास. केपलर दुर्बिणीच्या नजरेच्या टप्प्यात होते, त्यांच्या कंपनांवरून वय सुमारे ७ अब्ज वर्षं निघालं, दोघांचं स्वतंत्रपणे मोजून जवळजवळ सारखंच. बी भोवती १९९६ मध्ये ग्रह सापडला: गुरूच्या दीडपटीहून जास्त वस्तुमान, फेरी ७९९ दिवसांची, कक्षा इतकी लांबट की ताऱ्यापासून अर्ध्या एककापासून २.८ एककांपर्यंत ये-जा करतो. ए च्या ओढीने ती तशी झाली असावी असं मानतात. ए भोवती असा ग्रह मिळालेला नाही, आणि लिथियम मात्र ए मध्ये बी च्या कितीतरी पट. एकाच मेघातून जन्मलेल्या दोघांत हा फरक का, यावर अजून वाद चालू आहेत.

हंसमुख

कॅमेरा नसलेल्यांसाठी दोन गोष्टी.

शोधायला थीटा सिग्नी गाठा, हंसाच्या पश्चिमेकडच्या पंखात, ४.५ प्रतीचा. तिथून जेमतेम एक अंश पूर्वेला ही जोडी. फाइंडरमध्येही दोन ठिपके सुटे दिसतात.

क्रॉसहेअर आयपीस असेल तर उभी तार उत्तर-दक्षिण लावा, आधी ए आणि मग बी तारेवरून जाईल. स्टॉपवॉचवर ३.०४ सेकंद यायला हवेत. हाताने ०.२ सेकंदांची चूक होते, म्हणून वीस वेळा घेऊन सरासरी काढा. यातून पूर्व-पश्चिम अंतर मिळतं, २९ विकला.

आणि ते झालं की दुर्बिणीला हात न लावता तीन मिनिटं थांबा. एनजीसी ६८२६ ही बिंबाभ्रिका (मरणाऱ्या ताऱ्याभोवतीचा वायूचा मेघ) आपणहून आयपीसच्या मध्यावर येते. दोघांची क्रांती जवळजवळ एकच आहे. तिच्याकडे थेट पाहिलं की मधला तारा उरतो आणि मेघ विरतो. नजर बाजूला नेली की मेघ परत.

चांदणचुरा

तीन मिनिटांची युक्ती आजच करून बघतो. गळक्या फ्रेमची फाइल वगळून सरासरी ३९.७ आणि १३३.०. शेवटचा प्रश्न: सी नावाचा तिसरा तारा दिसेल का? आणि बार्लोशिवाय सगळं पुन्हा करायचं तर केव्हापर्यंत वेळ आहे?

रात्रपाळी

सी विसरा. १३ व्या प्रतीचा लाल बटू आहे, ए पासून ३.४ आर्कसेकंदांवर. १५० मिमीत ए च्या झगमगाटात बुडतो.

वेळ: डिसेंबरच्या मध्यापर्यंत, अंधार पडल्या पडल्या. नंतर तारा खाली जातो आणि हवा त्रास देते. त्यानंतर मार्चच्या मध्यापासून पहाटे पाचला ईशान्येला सुमारे ३५ अंशांवर, आणि मेच्या मध्याला त्याच वेळी मध्यमंडलावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर), उत्तरेला ५८ अंश. जून ते सप्टेंबर ही याची खरी वेळ, पण तेव्हा आपल्याकडे ढग. त्यामुळे पुढची मोजणी मे महिन्याच्या पहाटेच ठेवा, आणि आरसा बाहेरच्या हवेशी जुळायला तासभर आधी दुर्बीण अंगणात काढा.