सीगॅस आपल्याच डीएनएवर का उलटत नाही?

मृण्मयी_एमएस्सी: सेमिनारला सीगॅस-स्टिंग घेतलंय, म्हणजे विषाणूसारखा परका डीएनए हेरून पेशीला सावध करणारी प्रथिनांची साखळी. पेशीद्रवात डीएनए दिसला की सीगॅस त्याला चिकटतो, सीगॅम्प हा निरोप्या रेणू बनवतो, त्याने स्टिंग हे प्रथिन जागं होतं आणि शेवटी टाइप-वन इंटरफेरॉन हे प्रतिकाराचा इशारा देणारं प्रथिन तयार होतं, इथवर समजलं. पण सीगॅस डीएनएचा क्रम वाचत नाही, म्हणजे आपला-परका ओळखत नाही. मग पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण सुटतं तेव्हा तो गप्प कसा?

पेशीवाला: आधी एक गोष्ट, सीगॅस फक्त पेशीद्रवात नसतो. केंद्रकातही तो भरपूर असतो, पण न्यूक्लिओसोमला (हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या रिळाला) जखडलेला. एच-टू-ए आणि एच-टू-बी या हिस्टोनांच्या आम्लधर्मी भागात त्याचा एक आर्जिनिन (एक अमिनो आम्ल) रुतून बसतो आणि डीएनए पकडायची त्याची जागाच अडते. 2020 मध्ये अनेक गटांनी क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने) ही रचना दाखवली. ते चित्र स्लाइडवर घेच. तेवढा एक आर्जिनिन बदलला तरी सीगॅस स्वतःच्या डीएनएवर खवळतो.

पेशीद्रवात साचणारा डीएनए ट्रेक्स-वन हे विकर कुरतडतं. उंदरांतून त्याचं जनुक काढलं की हृदयाच्या स्नायूला सूज येऊन ते मरतात. सोबत सीगॅसही काढला तर वाचतात. म्हणजे सूज आपल्याच डीएनएमुळे, तिथे विषाणू नसतोच!

बालरोग_निवासी: माणसांत ट्रेक्स-वन बिघडलं की एकार्डी-गुटिएर सिंड्रोम हा बाळाच्या मेंदूचा आनुवंशिक आजार होऊ शकतो. सीटीत बाळाच्या मेंदूत कॅल्शियम, पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, बोटांवर-कानांवर लालजांभळे चट्टे. गर्भातच संसर्ग झाला असावा असं वाटतं, पण टॉर्च तपासण्या (गर्भातल्या नेहमीच्या संसर्गांच्या) निगेटिव्ह येतात. तिथेच फाइल बंद होते याचा मला फार त्रास होतो. बहुतेक कुटुंबांत पुढच्या प्रत्येक बाळाला 25 टक्के धोका असतो, आणि जनुकचाचणीशिवाय आईवडिलांना ते कळायचं कसं? बॅरिसिटिनिबसारखी औषधं इंटरफेरॉनचा पुढचा संदेश अडवतात, मेंदूचं झालेलं नुकसान मात्र भरून काढत नाहीत.

मृण्मयी_एमएस्सी: आणि एकदा पेटलेला स्टिंग विझतो कसा?

पेशीवाला: तो आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जीत (पेशीतल्या प्रथिनं पाठवणाऱ्या भागात) जातो, तिथे इंटरफेरॉनचा संदेश पुढे नेणाऱ्या टीबीके-वन या विकराला कामाला लावतो आणि मग लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचरापेटीत, जाऊन मोडीत निघतो. शांत वेळी गॉल्जीत भरकटलेला स्टिंग कोपा प्रथिनाच्या मदतीने माघारी आणला जातो. कोपा बिघडलं की तो तिथेच अडकून संदेश देत राहतो आणि रुग्णाची फुप्फुसं, सांधे सुजतात. त्यामुळे आकृतीत गॉल्जीकडून परतीचा बाणही काढ. बऱ्याच आकृत्यांत तो नसतो.