मदत हवी आहे: लेकीचं कॉलेज. ऑनर्स घ्यावं की स्कॉलरशिप? (कॉलेजला १ मेच्या आत कळवायचंय)

नमस्कार मंडळी,

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर "यात चिंच चालेल का?" एवढंच विचारून पळणारी. आज मोठा प्रश्न घेऊन आलेय.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. धाकटा आठवीत. चौघांचंही ग्रीन कार्ड आहे. उत्पन्न असं की गरजेवर मिळणारी मदत शून्य, आणि वर्षाला ८० हजार डॉलर भरायचे म्हटलं तर घर विकावं लागेल. धड श्रीमंतांत नाही, धड गरजूंत नाही. आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, येल वगैरे) आठही कॉलेजांत मेरिटवर पैसे देतच नाहीत, सगळी मदत गरजेवर. त्यामुळे तिकडे अर्जच केला नाही. (तिची एक मैत्रीण अजून नावं ठेवते.)

आता हातात हे आहे:

रटगर्स (इथली सरकारी युनिव्हर्सिटी): न्यू जर्सीचे रहिवासी म्हणून कमी फी, शिवाय ऑनर्स कॉलेजात (निवडक मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम) जागा. थोडी स्कॉलरशिपही आहे. सगळं धरून वर्षाला साधारण ३० हजार.

पर्ड्यू (इंडियाना): इंजिनिअरिंगला प्रवेश. ना ऑनर्स, ना एक डॉलर. बाहेरच्या राज्यातले म्हणून ४२ ते ४५ हजारांच्या घरात. नवऱ्याचा जीव इथे अडकलाय. त्याच्या ऑफिसात पर्ड्यूचे तिघं आहेत, तिघंही हुशार, एवढाच पुरावा.

यूटी डॅलस (टेक्ससची सरकारी युनिव्हर्सिटी): पूर्ण ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, माफ. राहणं, जेवण, विमानाची तिकिटं धरून १८ ते २० हजार.

आणि एक खाजगी युनिव्हर्सिटी. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीचा सूर आहे. वर्षाला ३० हजारांची "प्रेसिडेन्शियल" स्कॉलरशिप आणि ऑनर्स प्रोग्रॅम. पत्र जाड लिफाफ्यातून आलं, आत तिच्या नावाचं सर्टिफिकेट, एक स्टिकर आणि चक्क मोजे. मी ते पत्र सांगलीला आईला फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, "स्कॉलरशिप म्हणजे चौथी-सातवीच्या परीक्षेसारखी ना? मग पेढे वाटा!" मलाही तसंच वाटलं होतं. मग नवऱ्याने एक्सेल काढलं. ३० हजार वजा केल्यावरही ५४ हजार उरतात. म्हणजे एवढी मोठी स्कॉलरशिप देणारं कॉलेजच सगळ्यात महाग!

त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर, बारीक टायपात: जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.५ च्या खाली गेला तर स्कॉलरशिप बंद. मी फोन करून विचारलं, पुढच्या सेमिस्टरला वर आणला तर परत मिळते का? बाई गोड आवाजात म्हणाल्या, "बहुतेक मुलांना ही अडचण येत नाही." तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. ईमेल केला, त्याला उत्तर नाही.

माझे प्रश्न:
ऑनर्सचा खरा उपयोग काय? नोकरी देताना कोणी बघतं का?
स्कॉलरशिप चार वर्षं टिकते का? कोणाची गेलीय का?
धाकट्यासाठी पैसे राखून ठेवायचे, की मोठीला "चांगल्यात चांगलं" द्यायचं? यावरून आमच्याकडे रोज रात्री भांडी घासताना वाद होतो.

आम्ही दोघं बारावीचे मार्क, कॅप राउंड, लागलेली यादी यातून आलेलो. यादीत नाव दिसलं की विषय संपला. इथे मेरिट म्हणजे नक्की काय, तेच कळेना. मार्गदर्शन करा.

– काकडीचं_थालीपीठ

---

ओसरीवरून:

आधी अभिनंदन! चारही चांगले पर्याय आहेत.

मेरिटबद्दल: तो शब्द आपल्याला फसवतो. आपल्याकडे मेरिट म्हणजे बोर्डात येणं. इथे बऱ्याच खाजगी कॉलेजांत मेरिट स्कॉलरशिप म्हणजे दिवाळीचा सेल, आधी किंमत फुगवून मग सूट. ज्या मुलांचे मार्क कॉलेजच्या सरासरीपेक्षा बरे आहेत त्यांना ओढून आणायचं असतं. त्यात लेकीचं कर्तृत्व आहेच, पण रकमेवरून कॉलेज तिला किती मानतं हे ठरवू नका. खिशातून किती जाणार, तेवढाच आकडा बघा, आणि तो चार वर्षांचा बघा. फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिपची रक्कम सहसा तेवढीच राहते. पहिल्या वर्षीचे ५४ चौथ्या वर्षी साठीत गेलेले असतात.

यात पर्ड्यूचा एक मुद्दा मांडायला हवा: त्यांनी २०१३ पासून ट्यूशन गोठवून ठेवली आहे. इंडियानाच्या मुलांना वर्षाला दहा हजारांच्या किंचित खाली, ती तशीच. म्हणजे पर्ड्यूचा आकडा फारसा हलत नाही. तुमच्या यजमानांची बाजू घेत नाहीये, पण एक्सेलमध्ये सगळ्यांना सारखीच वाढ लावली असेल तर ती चूक आहे.

---

तूरडाळ_वरण:

स्कॉलरशिप गेलेल्या मुलाचा बाप हजर आहे.

कॉलेजचं नाव नको. अट ३.५, मुलाचा पहिल्या वर्षाअखेर ३.४२. हायस्कूलला सगळे ए. इथे फिजिक्स आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस एकाच सेमिस्टरला घेतले, वर पहिल्यांदा घराबाहेर. जूनमध्ये ईमेल आला, ऑगस्टमध्ये १८ हजार जास्त भरले. पैशाचं जाऊ दे हो, पोरगं दोन महिने जेवताना मान वर करत नव्हतं. पुढे त्याने ३.७ वर आणला, पण स्कॉलरशिप परत नाही.

इंजिनिअरिंगला ३.५ ची अट आणि इतिहासाला ३.५ ची अट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पत्रात दोन्ही सारखीच दिसते. म्हणून हे *लेखी* विचारा:

अट दर सेमिस्टरला तपासतात की वर्षाअखेर? खाली गेला तर एक सेमिस्टर सवलत आहे का? उन्हाळ्यात विषय घेऊन जीपीए वर आणता येतो का? आणि को-ऑप (शिकताना मधे काही महिने कंपनीत काम) केलं तर घड्याळ थांबतं का? आठ सलग सेमिस्टरची स्कॉलरशिप असेल आणि मुलगी मधे सहा महिने कंपनीत गेली, तर एक सेमिस्टर वाया जाऊ शकतं.

"बहुतेक मुलांना अडचण येत नाही" हे उत्तर नव्हे. ईमेलला उत्तर येत नाही, हे मात्र उत्तर आहे.

---

बुशची_बस:

रटगर्सची माजी विद्यार्थिनी (मी ऑनर्सला नव्हते, मैत्रिणी होत्या).

ऑनर्स कॉलेजची इमारत २०१५ ला उघडली, कॉलेज अ‍ॅव्हेन्यू कॅम्पसला. पहिल्या वर्षाची मुलं तिथेच राहतात. आता गंमत: इंजिनिअरिंगचे वर्ग बुश कॅम्पसला, रॅरिटन नदीपलीकडे, पिस्कॅटवेत. म्हणजे रोज बस. जानेवारीत सकाळी आठच्या लेक्चरला ती बस भरून आली की न थांबता पुढे जाते, तेव्हा ऑनर्स-बिनर्स सगळं विसरायला होतं. लेकीला सकाळचा राग असेल तर विचार करा :)

नोकरीसाठी विचाराल तर रेझ्युमेवरची ऑनर्सची एक ओळ पहिल्या इंटर्नशिपपर्यंत कामाची, नंतर कोणी बघत नाही. पण आत असताना तीन गोष्टी खऱ्या मिळतात: लवकर रजिस्ट्रेशन (हवा तो प्राध्यापक, हवी ती वेळ), लहान वर्ग, आणि प्रोफेसरच्या लॅबचं दार ठोठवायला एक निमित्त. माझी मैत्रीण दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये शिरली आणि पुढे पीएचडीला गेली. दुसरीने कॅपस्टोन (शेवटचा मोठा प्रकल्प) नको म्हणून तिसऱ्या वर्षी ऑनर्स सोडलं, तिचंही काही बिघडलं नाही.

प्रत्येक ठिकाणी "ऑनर्स" म्हणजे वेगळं असतं. पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजला प्रबंध लिहावाच लागतो. अ‍ॅरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजला वेगळी फी पडते. काही ठिकाणी नुसती चार सेमिनार आणि एक जेवण. लेकीला सांगा, ऑनर्सच्या एखाद्या वर्गात जाऊन बसू देतात का विचार. पंधरा मुलं बोलतायत की पन्नास मुलं फोन बघतायत, एका तासात कळतं.

---

गोधडी७:

यूटी डॅलसला कोणी हातच लावला नाही म्हणून लिहिते. आम्ही टेक्ससमध्ये आहोत.

इथला एक नियम बाहेरच्यांना माहीत नसतो. बाहेरच्या राज्यातल्या मुलाला टेक्ससच्या सरकारी युनिव्हर्सिटीने स्पर्धेतून वर्षाला किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप दिली, तर ती युनिव्हर्सिटी त्याला टेक्ससच्या रहिवाशांची फी लावू शकते. म्हणजे हजार दिसायला हजार, पण किंमत कितीतरी जास्त. तुमच्याकडे पूर्ण माफीच आहे, तरी पत्र नीट वाचा: माफी रकमेत लिहिली आहे की "ट्यूशन आणि फी" अशा शब्दांत? शब्दांत असेल तर फी वाढली तरी तुम्हाला झळ नाही.

दुसरं, टॅक्स. स्कॉलरशिप ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकांना वापरली तर करमुक्त. राहण्या-जेवण्याला जी रक्कम जाते ती मुलीचं उत्पन्न धरतात. आणि ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतीचं करसवलतीचं खातं) पैसे साठवले असतील तर स्कॉलरशिपइतकी रक्कम १० टक्के दंड न भरता काढता येते, फक्त वाढीवर कर लागतो. किंवा काढूच नका, लाभार्थी बदलून धाकट्याच्या नावावर करा. भांडी घासतानाचा निम्मा वाद तिथेच मिटेल.

---

ओसरीवरून:

गोधडी, +१. आणि हा धागा वाचणाऱ्या एच-४ वाल्यांसाठी (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा): वरचं गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. एच-४ वर फेडरल (केंद्र सरकारची) मदत नाही. नॅशनल मेरिटला (पीएसएटी परीक्षेवरची देशपातळीवरची स्कॉलरशिप) पूर्वी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड, किंवा निदान त्यासाठीचा अर्ज लागायचा; आता अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांना ती अट नाही. कॉलेजची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप मात्र पुष्कळ ठिकाणी एच-४ ला मिळते. मूल २१ चं झालं की एच-४ संपतो, मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा). तेव्हा फी आणि स्कॉलरशिपचं काय होणार हे आत्ताच विचारून ठेवा. २१ वा वाढदिवस बहुतेकांचा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या आसपास येतो.

---

काकडीचं_थालीपीठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. तूरडाळ, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला. ती काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "आई, मला ३.५ च्या खाली जायची भीती घेऊन चार वर्षं नाही काढायची." खाजगी कॉलेज त्याच क्षणी यादीतून गेलं. मोजे ठेवून घेतले, उबदार आहेत.

प्रश्नांचा ईमेल उरलेल्या दोन स्कॉलरशिपवाल्यांना पाठवला, तिच्याच नावाने, तिनेच लिहिला. एकाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी, मुद्देसूद, सवलतीच्या सेमिस्टरसकट. दुसऱ्याची वाट बघतोय.

गोधडी, डॅलसच्या पत्रात "ट्यूशन आणि सक्तीची फी" असे शब्द आहेत, रक्कम नाही. नवऱ्याने ती ओळ दोनदा वाचली आणि एक्सेलमध्ये पर्ड्यूचा रकाना स्वतःहून शेवटी नेला. मी काही बोलले नाही.

शुक्रवारी रटगर्सला वर्गात बसायला जातेय ती, कॉलेज अ‍ॅव्हेन्यूहून बुशला बसनेच जाणार, गाडीने सोडू नका म्हणाली. डॅलसला जाणं मात्र १ मेच्या आत जमेल असं वाटत नाही. तिथे कोणाचं मूल इंजिनिअरिंगला आहे का? लेक त्यांच्याशी दहा मिनिटं बोलली तर बरं होईल. विशेषतः पहिल्या वर्षी शाखा पक्की मिळते का, आणि सुट्टीत मुलं घरी गेली की कॅम्पस ओस पडतो का, हे विचारायचंय तिला. विपू (विचारपूस, म्हणजे माझ्या पानावर निरोप) करा प्लीज.