पोप चुकत नाहीत, मग माफी नक्की कोण मागतं?

जुनाटवाचक

१२ मार्च २००० चा एक फोटो जुन्या मासिकात सापडला. रोमच्या सेंट पीटर्समध्ये ऐंशीला टेकलेले, कंपवाताने वाकलेले पोप जॉन पॉल दुसरे एका जुन्या लाकडी क्रूसाला बिलगले आहेत. त्या दिवशी चर्चने दोन हजार वर्षांच्या चुकांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. कबुल्या सात. एकेक कार्डिनल किंवा बिशप पुढे येऊन एकेक कबुली वाचायचा, मग पोप प्रार्थना म्हणायचे आणि एक दिवा लागायचा.

त्यातली दुसरी कबुली कार्डिनल रात्सिंगरनी वाचली. तेच पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. मतितार्थ असा: चर्चमधल्या माणसांनीसुद्धा श्रद्धा आणि नीतीच्या नावाखाली कधीकधी शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग वापरले. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, शतकानुशतकं चाललं आणि इथे शब्द आहे 'कधीकधी'. तो सोडला तरी मला कर्ता खटकतो. 'चर्चमधल्या माणसांनी'. 'चर्चने' नाही.

माझा मुद्दा एवढाच. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवलं की पोप श्रद्धा आणि नीतीबद्दल पीठावरून, म्हणजे आपल्या अधिकाराच्या खुर्चीवरून, अंतिम व्याख्या देतात तेव्हा ते चुकू शकत नाहीत. एकदा हे लिहून ठेवलं की 'आम्ही चुकीचं शिकवलं' हे वाक्य कायमचं बाद होतं. उरतं ते 'आमची काही मुलं चुकली'. मुलं चुकतात, आई चुकत नाही. ही माफी मला अर्धी वाटते. बोला.

उत्तनकर

साहेब, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीत. 'चुकीची व्याख्या न देणं' वेगळं आणि 'पाप न करणं' वेगळं. पोप पापी असू शकतात. मार्च २०१४ मध्ये सेंट पीटर्समध्ये पोप फ्रान्सिस लोकांचं कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकायला निघाले होते. वाटेत ते दुसऱ्याच एका कन्फेशनच्या खुर्चीकडे वळले आणि एका साध्या फादरपुढे गुडघे टेकून आधी स्वतःची पापं सांगितली. कॅमेरे चालूच होते. स्वतःला निर्दोष समजणारा माणूस असं करत नाही.

१८७० चा ठराव मुळात वाचलात तर अटीच जास्त दिसतील. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, पोपनी सर्व ख्रिस्ती जनांचा गुरू म्हणून बोलायला हवं, आणि हे सगळ्या चर्चवर बंधनकारक आहे असं ठरवून सांगायला हवं. या रीतीने त्यानंतर आजवर एकदाच बोललं गेलं आहे, १ नोव्हेंबर १९५० ला, पायस बारावे यांनी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल, म्हणजे ती सदेह स्वर्गात घेतली गेली याबद्दल. आमच्याकडे १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि स्वर्गोन्नयनाचा सण एकाच दिवशी येतो, म्हणून तो सिद्धान्त पोरांनाही ठाऊक असतो. एरवी पोपचं प्रत्येक वाक्य काळ्या दगडावरची रेघ नसतं. १९६८ चं कुटुंबनियोजनाविरुद्धचं परिपत्रक जाहीर करतानाच व्हॅटिकनच्या प्रवक्त्याने ते या वर्गात बसत नसल्याचं सांगितलं होतं. उद्या वारा कसा असेल हे पोपना विचारून आमच्याकडे कोणी होडी लोटत नाही.

आता कर्त्याबद्दल. आमच्या श्रद्धेत ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, हे ख्रिस्ताचं शरीर आहे. 'ख्रिस्तसभेने पाप केलं' म्हणायचं तर पाप कोणाच्या माथी जातं बघा. म्हणून आम्ही म्हणतो, ती पवित्र आहे आणि तिच्या पोटात पापी आहेत. ही पळवाट १८७० नंतर शोधलेली नाही, फार जुनी समजूत आहे.

चिकित्सक

खुर्चीतून एकदाच बोलले हे खरं, पण खुर्चीची सावली लांब पडते. १९९४ मध्ये जॉन पॉल दुसऱ्यांनी स्त्रियांना धर्मगुरुपद देता येत नाही असं पत्र काढलं. त्यात १९५० ची रीत वापरली नव्हती. पुढच्याच वर्षी रात्सिंगरांच्या खात्याने खुलासा केला की ही शिकवण अचूकच धरावी, कारण चर्च पहिल्यापासून सगळीकडे हेच शिकवत आलंय. म्हणजे पुढच्या दाराला अटींचं कुलूप आणि मागचं दार उघडं.

आणि होनोरियस? सातव्या शतकातला पोप. त्याच्या मृत्यूनंतर चारेक दशकांनी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला पाखंडी म्हणून बहिष्कृत केलं. विचारलं की उत्तर तयार: तो पीठावरून बोलतच नव्हता, ते खाजगी पत्र होतं. जे चुकलं ते खुर्चीवरून नव्हतं, जे खुर्चीवरून होतं ते चुकलं नाही. असा सिद्धान्त खोटा ठरणार तरी कसा?

उत्तनकर

होनोरियसचा मुद्दा १८७० मध्ये सभेतल्या बिशपांनीच उचलला होता. वाद तिथेही जोरात झाला. १३ जुलैच्या चाचणी मतदानात ८८ जण सरळ विरोधात होते. त्यातले बरेचसे शेवटच्या दिवशी पोपच्या तोंडावर 'नाही' म्हणायला नको म्हणून आदल्या दिवशीच रोम सोडून गेले. शेवटी ५३३ विरुद्ध २. बाहेर वादळ, आत इतका अंधार की पायस नववे यांना मजकूर वाचायला मेणबत्ती आणावी लागली. विरोधकांना त्यात देवाचा कोप दिसला, समर्थकांना मोशेला गडगडाटात देवाची आज्ञा मिळाली तो सिनाई पर्वत. विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी अमेरिकेतले बिशप फिट्झजेराल्ड मग पोपपुढे गुडघे टेकून म्हणाले, 'आता मानतो'.

इंग्लंडमधले कॅथलिक धर्मपंडित न्यूमन यांनी १८७५ मध्ये लिहिलं होतं की जेवणानंतर धर्माच्या नावाने पेला उंचवायचाच असेल तर पोपच्या नावाने उंचवीन, पण आधी सदसद्विवेकाच्या नावाने. त्यांना २०१९ मध्ये संत केलं. आमच्यात वेगळा सूर लावणाऱ्याला जागाच नाही असं समजू नका.

चिकित्सक

हान्स क्यूंग या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या सिद्धान्तावर प्रश्नचिन्ह लावलं. १९७९ मध्ये त्याचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा परवाना गेला. जागा आहे, फक्त मेल्यावर मिळते.

ओंटारियोवासी

तात्त्विक झालं, आता जमिनीवर या. मी इथे कॅनडात वीस वर्षं आहे. २५ जुलै २०२२ ला पोप फ्रान्सिस अल्बर्टातल्या मास्क्वाचीसला आले होते, पूर्वीच्या एका निवासी शाळेच्या जागी. सुमारे दीड लाख आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून अशा शाळांत ठेवली गेली. शाळा सरकारी धोरणाच्या, पण त्यातल्या निम्म्याहून अधिक कॅथलिक संस्थांनी चालवलेल्या. आम्ही टीव्हीवर बघत होतो. पोप चाकांच्या खुर्चीत. माफी मागितली, टाळ्या पडल्या, काही म्हातारी माणसं रडली. एका क्री जमातीच्या आदिवासी बाईने उभं राहून कॅनडाच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आपल्या भाषेत गाणं म्हटलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बऱ्याच जणांना आधी ते स्वागतगीत वाटलं. ते स्वागत नव्हतं.

शब्द होते: अनेक ख्रिस्ती लोकांनी आदिवासींवर केलेल्या दुष्कृत्यांबद्दल क्षमा मागतो. शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर दुसऱ्याच दिवशी म्हणाले की यात मोठी पोकळी आहे, हे काही थोड्या वाईट लोकांचं काम नव्हतं, संस्थेचं होतं. म्हणजे जुनाटवाचक म्हणतात तेच. परतीच्या विमानात मात्र पत्रकाराने विचारल्यावर पोप 'वंशसंहार' हा शब्द मान्य करून गेले. भाषणात जे निघालं नाही ते विमानात निघालं.

तीन दिवसांनी क्वेबेकमध्ये मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या, आधी दोघींनी वेदीसमोर फलक उलगडला: तो सिद्धान्त मागे घ्या. हा १८७० चा सिद्धान्त नव्हे; रोख होता पंधराव्या शतकातल्या पोपच्या फर्मानांवर, ज्यांच्या आधारे युरोपीय राजांनी बिगरख्रिस्ती लोकांच्या जमिनी आपल्या म्हटल्या. ३० मार्च २०२३ ला व्हॅटिकनने निवेदन काढलं. तो सिद्धान्त नाकारला, चांगलं झालं. पण त्यातच असंही लिहिलं की ती फर्मानं कॅथलिक श्रद्धेची अभिव्यक्ती म्हणून कधीच मानली गेली नव्हती. पोपच्या शिक्क्याची कागदं, राजांनी त्यावर खंड वाटून घेतले, आणि पाचशे वर्षांनी कळतं की ती श्रद्धा नव्हतीच.

बार्देसकर

त्या फर्मानांतलं एक १४५५ चं, पोर्तुगालच्या राजासाठी काढलेलं. ते कागद आमच्या दारात गलबतांनी आले.

जुन्या गोव्यात इन्क्विझिशनची कचेरी होती, लोक तिला 'व्हडलें घर' म्हणायचे. १५६० ते १८१२, मध्ये थोडी वर्षं बंद. आज तिथे दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही आणि खटल्यांचे बहुतेक कागदही नष्ट केले गेले. मी स्वतः कॅथलिक आहे. आमच्याच पूर्वजांना, बाप्तिस्मा घेतलेल्यांना, घरात तुळस ठेवली, जुनी गाणी म्हटली म्हणून तिथे बोलावलं जायचं. हिंदूंवरचे जाच वेगळे. २००० सालच्या त्या 'कधीकधी'त माझा गाव येतो का, हे मला आजवर समजलेलं नाही.

पण उत्तनकरबाब, तुमच्या बाजूने एक गोष्ट. ते न्यायालय चालवायचा पोर्तुगालचा राजा, इन्क्विझिटर त्याच्या मर्जीचे, परवानगी पोपची. १८७० चा सिद्धान्त त्या वेळी कोणाच्या गावीही नव्हता. तेव्हा माफी अडते ती सिद्धान्तापायी नाही. राजा पोपकडे बोट दाखवतो, पोप राजाकडे. कुमसार, म्हणजे कन्फेशन, दोघांनाही नको.

जुनाटवाचक

बार्देसकर, हे मान्य. सगळं खापर मी १८७० वर फोडलं ते घाईचं झालं. १५२३ मध्ये पोप एड्रियन सहाव्याने न्यूर्नबर्गच्या सभेत दूताकरवी वाचून दाखवलं होतं की पोपच्या पीठातच घाण साचली आहे आणि रोग डोक्यातून अवयवांत उतरला आहे. 'काही मुलं' नाही, डोकं! समोर ल्यूथरचं बंड होतं म्हणून असेल, पण कर्ता जागेवर होता. म्हणजे असं बोलता येतं. १८७० च्या साडेतीनशे वर्षं आधी येत होतं.

चिलीचं प्रकरणही बघा. जानेवारी २०१८ मध्ये एका बिशपवरचे, लैंगिक अत्याचार दडपल्याचे आरोप पोप फ्रान्सिसनी 'निव्वळ बदनामी' म्हणून उडवून लावले. एप्रिलमध्ये लिहिलं की माझ्याकडून आकलनाच्या गंभीर चुका झाल्या. पीडितांना रोमला बोलावून घेतलं आणि मे महिन्यात चिलीच्या सगळ्या बिशपांनी राजीनामे पुढे केले. तिथे 'मी' आला म्हणून पुढचं हललं. पत्रात खरी आणि समतोल माहिती मिळाली नव्हती अशी पुस्तीही होती, ती सोडून देऊ.

चिकित्सक

सोडून कशाला द्यायची? पुस्तीतच तर सगळं आहे.

उत्तनकर

ख्रिस्तसभेच्या पावित्र्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण जुनाटवाचकांचा कर्ता रात्रभर डोक्यात राहिला, कारण दर मिस्सेला आम्ही छातीवर मूठ मारून तीनदा म्हणतो, माझा अपराध. माझा. शेजाऱ्याचा नाही.

पहिलं कन्फेशन आठ-नऊ वर्षांचा असताना केलं. आजीने सुकवायला घातलेल्या बोंबलांतले मी गुपचूप विकून भोवरा घेतला होता. फादरना म्हणालो, 'फादर, आमच्या घरातले बोंबील गेले.' जाळीपलीकडून आवाज आला, 'गेले, का कोणी नेले?' म्हटलं, 'घरातल्या एकाने.' ते गप्प. मीही गप्प. मागे रांग चुळबुळ करायला लागली. शेवटी म्हणालो, 'मी.'

बार्देसकर

मग प्रायश्चित्त काय दिलं?

उत्तनकर

तीन 'नमो मरिया', आणि घरी जाऊन आजीला सांगायचं. 'नमो मरिया' तिथेच उरकले. आजीला सांगायला रविवार उजाडला.