मदत हवी आहे : सेंट गालेनचा मठ कसा पाहावा?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आईला घेऊन झुरिकला ताईकडे जातोय. तिथून रेल्वेने तासाभरावर सेंट गालेन. गालुस नावाचा संन्यासी जिथे एकांतात राहिला, तिथे ७१९ च्या सुमारास ओटमारने मठ उभा केला. १८०५ मध्ये तो बरखास्त झाला, पण ग्रंथालय टिकलं.

मला ओढ आहे ती तिथल्या एका आराखड्याची. नवव्या शतकात चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून त्यावर अख्खा मठ रेखाटलाय: चर्च, भटारखाना, औषधी वनस्पतींचे वाफे, दुखणाईतांची खोली, अगदी कोंबड्यांची खुराडीसुद्धा! तसा मठ प्रत्यक्षात कधी बांधलाच नाही. पुढे बाराव्या शतकात कुणीतरी मागच्या कोऱ्या बाजूवर संत मार्टिनचं चरित्र लिहिलं, आणि बहुधा त्यामुळेच तो आराखडा जपला गेला. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

आत्ताचं चर्च अठराव्या शतकातलं. मग जुन्या काळातलं नेमकं काय बघायला मिळतं? ग्रंथालयाला किती वेळ ठेवू? आईला जिने फार झेपत नाहीत, तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

आणखी एक. मठातल्या चौकाभोवतीच्या छपराखालच्या वाटेला ‘ओवऱ्या’ म्हटलं तर चालेल का? आईला सगळं मराठीतूनच समजावायचंय.