बायोकेमिस्ट्री आणि मेसचं ताट
मोबाईलमुळे फार्मसीची पोरं खचतात असं म्हणतात, मला ते अर्धंच पटलं. बी.फार्म.ला पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही, हे कुणी सांगतच नाही. माझी बायोकेमिस्ट्री राहिली नि वर्ष गेलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवरचे पार्टनर सकाळी एप्रन घेऊन निघायचे, मी झोपेचं सोंग घ्यायचो. घरी फोनवर 'चाललंय की' एवढंच.

ताट तसंच परत जायला लागल्यावर मेसच्या काकूंनीच विचारलं, "जेवणावर मन न्हाई व्हय रं तुझं?" तिथंच रडू फुटलं. कॉलेजचे समुपदेशक फक्त नोटीस बोर्डावर! २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत, २४ तास, मराठीतही बोलता येतं. आमच्या वेळी काकूच होत्या.