एकांकिकेतला तिसरा प्रवेश

मेघना, सी-४०३: नमस्कार. काल तालमीला शेवटपर्यंत थांबले होते. मुलं समोर होती म्हणून तिथे बोलले नाही, पण रात्रभर तेच डोक्यात घोळतंय. तिसऱ्या प्रवेशात तो तिच्या हातातून फोन हिसकावतो, सगळे मेसेज वाचतो आणि वर विचारतो, 'माझ्यापासून काय लपवायचं?' ती रडते, तो जवळ घेतो, मागे बासरी. हे प्रेम म्हणून दाखवायचंय का आपल्याला? ईशाचं काम आहे म्हणून म्हणत नाही. दुसऱ्या कुणाची लेक असती तरी म्हणाले असते.

अण्णा, ए-१०१: मत्सर हा प्रेमाचाच भाग आहे. आपल्या माणसासाठी ज्याचा जीव जळत नाही, त्याचं प्रेमच नाही.

शेखर, बी-२०४: मेघनाताई, स्क्रिप्ट तीन आठवड्यांपूर्वी इथेच टाकली होती. तेव्हा नुसते अंगठे आले. आता बारा दिवस राहिलेत.

मेघना, सी-४०३: टाकली होतीस, मान्य. वाचताना एवढं लागलं नव्हतं. उभं राहिलेलं बघितलं तेव्हा लागलं.

वंदना, डी-२०१: मला तर तोच सीन सगळ्यात आवडला बाई. केवढा जीव आहे त्याचा तिच्यावर! 🥹

निखिल, बी-३०३: गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? काल कुलूप न लावताच गेले सगळे.

शेखर, बी-२०४: शेवटी तूच उतरलास निखिल.

निखिल, बी-३०३: मी खुर्च्या उचलत होतो. एकटा. हेही लिही ना.

सेक्रेटरी: कृपया एका वेळी एकच विषय घ्यावा ही विनंती.

मेघना, सी-४०३: शेखर, तू मेहनत घेतोस, त्याबद्दल शंकाच नाही. पण कालची एक गोष्ट सांगते. तो फोन घ्यायला पुढे आला तेव्हा ईशा एक पाऊल मागे सरकली. कुणी सांगितलं नव्हतं, आपसूक सरकली. फोन छातीशी धरलेला, अंगठा पडद्यावर घट्ट. तू म्हणालास, 'मागे नको सरकूस, लाजल्यासारखं कर, खाली बघ.' तिने केलं. तिसऱ्या वेळी अगदी छान जमलं, टाळ्याही पडल्या. मला ते जमलं याचंच वाईट वाटलं. भीती वाटली की लाजायचं, हे आपण तिच्याकडून घटवून घेतलं.

शेखर, बी-२०४: हा मेसेज डिलीट केला आहे

वंदना, डी-२०१: काय होतं? मी वाचायच्या आत गेलं.

शेखर, बी-२०४: काही नाही. तीन वर्षं मीच दिग्दर्शन करतोय, कारण दुसरं कुणी पुढे येत नाही. एवढंच होतं.

अण्णा, ए-१०१: वर गेला म्हणून पुन्हा लिहितो. मत्सर हा प्रेमाचाच भाग आहे. संशयकल्लोळ १९१६ पासून चालतंय. त्या फाल्गुनरावाला कुणी वाईट म्हटलं का?

सुलभा, ए-३०२: अण्णा, संशयकल्लोळ काढलंत म्हणून लिहिते. बाकी मी बोलणार नव्हते. त्यात काय होतं? रेवतीच्या हातून एका पुरुषाची तसबीर पडते, फाल्गुनरावाची बायको कृत्तिका ती उचलून बघते, आणि तेवढ्यावर फाल्गुनरावाचं डोकं फिरतं. आपण त्याला हसतो. त्याच्या संशयावर कुणी हळवं होत नाही. कृत्तिकाही तितकीच संशयी आहे, तिलाही हसतो. आणि संशयकल्लोळ लिहिणाऱ्या त्याच देवलांनी १८९० साली ऑथेल्लोवरून झुंजारराव लिहिलं. मूळ नाटकात एका हातरुमालापायी नवरा निरपराध बायकोचा जीव घेतो. म्हणजे एकाच लेखकाच्या हातून संशय एकदा फजितीपर्यंत गेला आणि एकदा खुनापर्यंत. मत्सरी माणूस नाटकात नसावा, असं मी कधीच म्हणणार नाही. तो असतो म्हणून तर नाटक होतं. पण नाटक कुणाच्या बाजूने उभं आहे, हे कळायला हवं. आपल्या तिसऱ्या प्रवेशात बासरी त्याच्यासाठी वाजते.

मेघना, सी-४०३: 🙏🙏 मला हेच म्हणायचं होतं ताई.

वंदना, डी-२०१: मग सगळ्याच प्रेमकथा बंद करा. नायकाने जरा हक्क दाखवला की गुन्हा!

सुलभा, ए-३०२: बंद कशाला? प्राइड अँड प्रेज्युडिस १८१३ चं आहे, अजून लोक वाचतात. त्यातला डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ती केवढ्या घमेंडीत. नायिका तोंडावर नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी तो एक पत्र हातात देतो आणि निघून जातो. पुढे तिच्या बहिणीचं प्रकरण गुपचूप निस्तरतो, तिला कळू नये म्हणून धडपडतो. पुन्हा विचारतो तेव्हा आधीच सांगतो की तुझं मन बदललं नसेल तर एक शब्द पुरे, हा विषय कायमचा बंद. वंदना, यात जीव कमी आहे का? मी तर कुठल्याही नायकाला एवढंच लावून बघते, तिने नाही म्हटल्यावर हा काय करतो. माझी प्रत तुला वाचायला दिलीच आहे. मागच्या उन्हाळ्यापासून.

वंदना, डी-२०१: ताई, आणून देते म्हणून दोनदा सांगितलं होतं. ग्रुपवर काढायची गरज नव्हती.

निखिल, बी-३०३: ताई, पुस्तकावर हक्क दाखवू नका, त्याला मोकळं सोडा 😄

सुलभा, ए-३०२: पुस्तक माझं आहे निखिल. माणूस कुणाचा नसतो.

अण्णा, ए-१०१: मत्सर हा प्रेमाचाच भाग आहे. माझ्या मुद्द्याला उत्तर मिळालेलं नाही.

ओंकार, बी-५०१: नमस्कार, मी लिहिलीय ती. सकाळपासून वाचतोय सगळं. मला तो वाईट दाखवायचाच नव्हता. त्याचं आधी एक माणूस सोडून गेलेलं असतं, म्हणून तो घाबरलेला आहे. फोन त्या भीतीने घेतो. मला वाटलं प्रेक्षकांना त्याचं दुःख दिसेल.

मेघना, सी-४०३: ओंकार, त्याचं दुःख दिसतं रे. तू चांगलं लिहितोस, पहिल्या प्रवेशात तर मी रडले. पण त्याची भीती खरी आहे म्हणून तिचा फोन त्याचा होत नाही ना. आणि तिला त्या सीनमध्ये बोलायला काय आहे? 'सॉरी' आणि 'पुन्हा नाही करणार'. तिने केलंय काय? वर्गातल्या मुलाला वही मागितली.

ओंकार, बी-५०१: हो. हे असं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

फरीदा, सी-१०२: मी एक बोलू का? काळजीवाला विचारतो, 'पोचलीस का?' आणि 'हो' म्हटलं की झोपतो. दुसरा म्हणतो, 'कुठे आहेस, फोटो पाठव.' फोटो पाठवला की विचारतो, 'मागे कोण उभं आहे?' त्याचं कधी संपतच नाही. सुरुवातीला दोन्ही सारखेच गोड वाटतात. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

मेघना, सी-४०३: फरीदा ❤️

निखिल, बी-३०३: मघाशी मस्करी केली, सॉरी.

अण्णा, ए-१०१: तरीही पुन्हा सांगतो. मत्सर हा

अण्णा, ए-१०१: चुकून गेलं. मत्सर हा प्रेमाचाच भाग आहे. आमच्या वेळी मीसुद्धा हिच्यासाठी जळलो आहे.

काकू, ए-१०१: मी शेजारीच बसलेय. आता मीच लिहिते. माझी दुसरी पाळी असायची तेव्हा परतायला रात्रीचे दहा वाजायचे. कधी साडेदहा. हे जिन्यातला दिवा लावून खाली उभे असायचे. चेहरा एवढासा. पण कुणाबरोबर आलीस, उशीर का झाला, हे एकदाही विचारलं नाही. मी वर चढायला लागले की मागून दिवा बंद करत यायचे. जळत असतील तर मला कधी चटका लागला नाही.

सुलभा, ए-३०२: अण्णा, हे लिहा ना. हे कुणी नाटकात लिहितच नाही.

वंदना, डी-२०१: काकू 😭😭 रडवलंत. ताई, पुस्तक संध्याकाळी आणते. दहा पानं राहिलीत.

सेक्रेटरी: हॉल आरक्षित झाला आहे, तारीख बदलणार नाही. काय ते आज ठरवावे.

शेखर, बी-२०४: ठरवतो. मी चिडलो होतो, खरंय. मागे सरकू नको म्हणालो कारण ती प्रकाशाच्या बाहेर जात होती. पण लाजायला मीच सांगितलं, ते नको होतं. ओंकार, आज रात्रीपर्यंत प्रवेश पुन्हा लिहिता येईल?

ओंकार, बी-५०१: येईल. तो हात पुढे करतो, ती फोन देत नाही, एवढं ठरलंय. पण तिने नाही म्हटल्यावर तो काय करतो ते मला अजून सुचत नाहीये. काकू, तुमचा जिन्यातला दिवा घेतला तर चालेल का?

काकू, ए-१०१: घे. ह्यांचं नाव मात्र घालू नकोस.

ईशा, सी-४०३: आईच्या फोनवरून वाचलं. शेखरदादा, मी मागे सरकते तेच ठेवूया का? आणि मला नवीन वाक्य नको. मी नुसतं 'नाही' म्हणेन. प्रकाश थोडा मागे घेता येईल?

शेखर, बी-२०४: घेतो. सात वाजता, गच्चीवर.

निखिल, बी-३०३: किल्ली??

अण्णा, ए-१०१: किल्ली माझ्याकडे आहे. काल कुलूप मीच लावलं. सातला वर येतो, जिन्यातला दिवा लावून ठेवतो.