परागकण म्हणजे वनस्पतीचा शुक्राणू, हे बरोबर आहे का?

शिकतेय_अजून

नमस्कार. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. वीर्यतपासणीच्या स्लाइड रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे शुक्राणू कसा दिसतो आणि कसा पळतो हे चांगलं ठाऊक आहे. आता वनस्पतिशास्त्र पहिल्यापासून वाचायला घेतलंय. परीक्षा वगैरे काही नाही, खूप दिवसांची इच्छा होती.

पुस्तकात लिहिलंय की परागकण हे वनस्पतीचं नर युग्मक, म्हणजे फलनात भाग घेणारी नर पेशी. ते वाचून सदाफुलीचे परागकण साखरेच्या पाण्यात टाकून मायक्रोस्कोपखाली बघितले. शेपूट नाही, हालचाल नाही, वर जाड कवच. थोड्या वेळाने काही कणांतून नळी बाहेर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत लांब होत गेली! काही नळ्या टोकाशी फुटल्या आणि आतला ऐवज बाहेर सांडला.

माझी अडचण अशी की युग्मक वाढत नाही. शुक्राणू एकतर अंडपेशीला मिळतो नाहीतर मरतो, त्याला कोंब फुटत नाही. मग हे वाढणारं काय आहे? आणि आकृतीत नळीच्या आत दोन नर युग्मकं दाखवली आहेत. बीजांडात, म्हणजे ज्याची पुढे बी होते त्या भागात, अंडपेशी एकच, मग दोन कशाला?

वर्गातला_खडू

ताई, शाळेच्या पातळीवर आम्ही सांगतो ते असं: परागकण नर युग्मक *वाहून नेतो*. घाईत "वाहून नेतो" गळतं आणि परागकणालाच युग्मक म्हटलं जातं. तुमच्या पुस्तकात तेच झालेलं दिसतंय. फूल बघताना क्रम लक्षात ठेवा: पुंकेसराच्या टोकाला परागकोश, त्यात परागकण. तो कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडला की परागीभवन. फलन नंतर, आत बीजांडात. ही दोन वेगळी कामं आहेत. सविस्तर उत्तर इथल्या जाणकारांनी द्यावं.

बीजांड

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. एवढा नेमका प्रश्न वर्गात फार क्वचित ऐकला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची शंका बरोबर आहे. परागकण शुक्राणू नाही. परागकण हा एक अख्खा नर आहे, दोन-तीन पेशींचा, पण स्वतंत्र जीव.

प्राण्यांत अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन) झालं की थेट युग्मक तयार होतं. एकगुणी पेशी, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली पेशी, तिथे युग्मकाखेरीज दुसरं काही बनत नाही. वनस्पतींत तसं नाही. तिथे अर्धसूत्री विभाजनातून युग्मक नव्हे, बीजाणू निघतो. तो पुन्हा विभागतो, त्याचा एकगुणी देह तयार होतो आणि त्या देहात युग्मकं बनतात. म्हणजे प्रत्येक वनस्पतीच्या दोन पिढ्या एकाआड एक येतात: द्विगुणी, म्हणजे दोन संचांची, बीजाणू बनवणारी पिढी (स्पोरोफाइट) आणि एकगुणी, युग्मकं बनवणारी पिढी (गॅमिटोफाइट).

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर शेवाळी बघा, पावसाळ्यात ओल्या भिंतीवर मखमलीसारखी वाढते ती मॉस. तो हिरवा भाग सगळा एकगुणी. त्यावर तपकिरी देठ आणि बोंड उभं राहतं ती द्विगुणी पिढी, आणि ती हिरव्या पिढीच्या आधाराने जगते. नेच्यांत (फर्नमध्ये) पारडं फिरतं. मोठं झाड द्विगुणी, आणि एकगुणी पिढी म्हणजे जमिनीला चिकटलेला काही मिलिमीटरचा, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा. सपुष्प वनस्पतींत हा एकगुणी देह आणखी लहान झाला. नर देह परागकणात मावला आणि मादी देह बीजांडाच्या आत राहिला.

हे सगळं एका सूत्रात बांधलं विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी, 1851 साली. त्यांनी विद्यापीठाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. घरच्या संगीतलिपी आणि पुस्तकं छापण्याच्या व्यवसायात काम करत पहाटे सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला आणि तेव्हा त्यांचं वय होतं 27. शिकवताना मी त्यांचं नाव कधी गाळलं नाही. जनुकं, गुणसूत्रं यातलं काहीही माहीत नसताना केवळ बघून बघून त्यांनी मॉसपासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत सगळ्यांत हाच आराखडा ओळखला.

आता परागकणाच्या आत. बाहेरचं जाड कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या चिवट पदार्थाचं, इतकं टिकाऊ की लाखो वर्षांपूर्वीचे परागकण गाळात ओळखू येतात. आत एक मोठी पेशी, तिची नळी होते. त्या मोठ्या पेशीच्या पोटात दुसरी छोटी पेशी तरंगते. ती विभागून दोन शुक्रपेशी बनतात. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे 70 टक्के जातींत ही विभागणी नळी वाढत असताना होते, गवतं आणि सूर्यफूल यांच्यात परागकण बाहेर पडण्याआधीच. तुम्ही शोधत असलेले शुक्राणू म्हणजे या दोन पेशी. त्यांना शेपूट नाही, त्या स्वतः पोहत नाहीत, नळी त्यांना घेऊन जाते.

पलीकडे मादी देह. बीजांडात अर्धसूत्री विभाजनाने चार पेशी होतात, बहुधा तीन मरतात, उरलेलीतून सात पेशींचा भ्रूणकोष होतो. त्यात एक अंडपेशी, तिच्या शेजारी दोन साहाय्यक पेशी, विरुद्ध टोकाला तीन, आणि मधली मोठी पेशी जिच्यात दोन केंद्रकं असतात. सात पेशी, आठ केंद्रकं. साहाय्यक पेशींना कमी लेखू नका. नळीला वाट दाखवणारी रसायनं त्या सोडतात. टोरेनिया या वनस्पतीत भ्रूणकोष बीजांडाबाहेर डोकावतो, त्यामुळे 2001 साली लेसरने एकेक पेशी मारून बघता आलं. दोन्ही साहाय्यक पेशी मारल्या की नळ्या तिकडे वळतच नाहीत.

दोन शुक्रपेशी कशाला, हे आता सोपं आहे. एक अंडपेशीला मिळते आणि युग्मनज (फलित पेशी) होतो, त्याचा पुढे भ्रूण. दुसरी मधल्या पेशीला मिळते, दोन आणि एक मिळून तीन संच होतात आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाची शिदोरी तयार होते. हे द्विफलन सर्गेई नवाशिन यांनी 1898 साली लिलीच्या कुळात दाखवलं. मक्याच्या दाण्यातला पिठूळ भाग म्हणजे हाच भ्रूणपोष. घेवड्यात बी पिकेपर्यंत तो संपतो, सगळा साठा दोन जाड बीजपत्रांत जातो. सूचिपर्णी वृक्षांत अन्नाचा साठा मादी देहातच होतो, त्याला दुसऱ्या शुक्रपेशीची गरज नसते. सपुष्प वनस्पती मात्र फलन झालं तरच शिदोरी बांधतात. माझ्या मते त्यांच्या यशामागचं हे एक मोठं कारण आहे.

शिकतेय_अजून

मॅडम, तुमचं उत्तर सावकाश, परत परत वाचलं. परागकण स्वतःच एक जीव आहे हे कळल्यावर नळीचं कोडं सुटलं. अजून दोन प्रश्न. नळी लांब होते ती पेशी विभागून, मूळ वाढतं तशी? आणि माझ्या नळ्या फुटल्या त्या का? शिवाय शेपटीबद्दल: वनस्पतींत शेपूट असलेला शुक्राणू कुणातच नसतो का?

बीजांड

शेपटीचं आधी. असतो! मॉस आणि नेच्यांचे शुक्राणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात, म्हणून त्यांना ओल लागते. आणि बिया धरणाऱ्यांतही दोन ठिकाणी शेपूट टिकून आहे: गिंको आणि सायकस. टोकियोतल्या एका गिंको वृक्षावर काम करताना साकुगोरो हिरासे यांनी 1896 साली ते पोहताना पाहिले, त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांनी सायकसमध्ये. सायकसच्या कुळात काही शुक्राणू नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखे दिसतील एवढे मोठे असतात आणि अंगावर हजारो केसल, म्हणजे पोहायला मदत करणारे बारीक तंतू, असतात. तुमच्या लॅबमधल्या शुक्राणूचं डोकं पाच मायक्रॉनच्या आसपास असतं, त्याच्याशी ताडून बघा.

नळी पेशी विभागून वाढत नाही. मुळाच्या टोकाशी विभाजी ऊतीत, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींच्या थरात, पेशी वाढतात संख्येने, मग मागच्या पट्ट्यात त्या पाणी घेऊन लांबतात. नळी ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच पेशी, आणि ती फक्त टोकाशी वाढते. आतून भिंतीचं सामान टोकाकडे येत राहतं, टोकाची भिंत मऊ राहते, मागची घट्ट होते. मागे रिकामा झालेला भाग कॅलोज या शर्करायुक्त पदार्थाच्या बुचांनी बंद होत जातो आणि जिवंत ऐवज पुढे सरकतो. मक्याच्या कणसाचा एकेक केस म्हणजे एक कुक्षीवृंत (कुक्षीपासून बीजांडाकडे जाणारा दांडा), तो 30 सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतो आणि नळी तेवढं अंतर साधारण एका दिवसात कापते. मुळांवरचे केसही असेच टोकाने वाढतात.

फुटण्याचं कारण हेच मऊ टोक. बाहेरचं द्रावण पातळ पडलं की पाणी आत घुसतं आणि सगळ्यात कमकुवत जागा जाते. कॅल्शियम आणि बोरॉन नसले तर भिंत आणखी नाजूक राहते. निसर्गातही नळी शेवटी फुटतेच, पण एका साहाय्यक पेशीत शिरून, आणि तिथे दोन्ही शुक्रपेशी मोकळ्या होतात.

पुढच्या वेळी 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम साखर, 10 मिलिग्रॅम बोरिक ॲसिड आणि 30 मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घाला. सदाफुलीऐवजी तेरडा घेतलात तर नळी लवकर येते. शुक्रपेशींची केंद्रकं बघायची असतील तर नळी बरीच लांबल्यावर थेंबभर ॲसिटोकार्मिन (केंद्रकं रंगवणारा रंग) टाका. आधी टाकलंत तर छोट्या पेशीचं विभाजन झालेलं नसेल आणि दोनाऐवजी एकच दिसेल.